बटणात बसवलेली पाचर

तुमचा प्रश्न असा आहे की, वडिलांकडून हाती आलेल्या वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, जिथे बेचाळीस माणसे काम करतात आणि त्यांतली निम्मी कंत्राटदाराची आहेत, कामाला अर्थ, मालकाच्या वागण्यात नम्रता आणि धंद्याला नैतिक उद्देश कसा आणावा. त्यावर तीन उपायही तुम्हीच सुचवले आहेत: कंपनीचे ध्येयवाक्य लिहून घेणे, पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटांची प्रार्थना ठेवणे आणि नफ्यातून एखाद्या शाळेला देणगी देणे. मी भोसरीत एकतीस वर्षे याच धंद्यात आहे. या तिन्ही उपायांना माझा विरोध नाही, परंतु तिन्हींमध्ये मालकाची एक सोय दडलेली आहे. ते अमलात आणताना कारखान्यातला एकही दर, पैसे देण्याची एकही तारीख आणि एकही यंत्र बदलावे लागत नाही. माझ्या कारखान्यात ध्येयवाक्य होते, चौकटीत बसवलेले होते आणि त्यात ‘माणूस प्रथम’ असे शब्दही होते. त्याच्या खालीच, वीस फुटांवर, 2008 च्या पावसाळ्यात एका ऑपरेटरच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. म्हणून उत्तराची सुरुवात मी त्या यंत्रापासून करतो.

मेकॅनिकल प्रेसची रचना तुम्हाला ठाऊक असेल, तरी पुढच्या मुद्द्यासाठी ती सांगणे आवश्यक आहे. फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरत असते, क्लच जोडला गेला की ती गती क्रँकशाफ्टला मिळते आणि रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली डायवर, म्हणजे पत्रा ठेवलेल्या साच्यावर, येतो. जुन्या प्रेसला ‘की क्लच’, म्हणजे खिळीने अडकणारा क्लच, असतो आणि तो एकदा अडकला की पूर्ण फेरी झाल्याशिवाय सुटत नाही. रॅम निघाल्यानंतर हात आत गेला तर तो थांबवण्याची कोणतीही सोय त्या यंत्रात नसते. याच कारणाने अशा प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेल्याचे ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावणे निरर्थक असते, कारण किरण तुटल्याचे कळले तरी यंत्राला मध्येच थांबता येत नाही. (तरीही ग्राहकाच्या ऑडिटला दाखवण्यासाठी बसवलेले असे पडदे मी एकापेक्षा जास्त कारखान्यांत पाहिले आहेत, आणि ऑडिटरने त्यापुढे खूण केलेलीही पाहिली आहे.) पायाच्या पेडलवर चालणारी प्रेस सर्वांत वाईट, कारण तिथे दोन्ही हात डायमध्ये जाण्यास मोकळे राहतात. म्हणून दोन हातांची बटणे आली: दोन्ही तळहात दोन बटणांवर असतील तरच रॅम खाली येईल, म्हणजे त्या क्षणी हात डायमध्ये असूच शकणार नाहीत. कल्पना उत्तम आहे. मात्र बटणे नुसती एकापुढे एक जोडलेली असतील आणि दर स्ट्रोकनंतर, म्हणजे रॅम एकदा खाली-वर झाल्यावर, दोन्ही सोडलीच पाहिजेत अशी अट वायरिंगमध्ये घातलेली नसेल, तर एक बटण कायमचे दाबून ठेवून एका हाताने काम करता येते.

आमच्याकडे नेमके तेच चालले होते. रात्रपाळीत, अडीचच्या सुमारास, डाव्या हाताने ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, सरळ करताना त्या ऑपरेटरने सवयीने उजव्या हाताने बटण दाबले. मला फोन आला, मी पोहोचलो तेव्हा त्याला रुग्णालयात हलवले होते आणि डायवर कोणीतरी गोणपाट टाकले होते. सुपरवायझरने सकाळी जो अहवाल लिहून आणला त्यात कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे होते, आणि मी त्यावर सही केली. ती सही करताना मी खोटे बोलतो आहे असे मला वाटले नाही, हे मुद्दाम सांगतो. मला ते खरेच वाटत होते.

साधारण आठवड्याने मी त्या यंत्रापाशी एकटा उभा होतो. डाव्या बटणाभोवतीच्या लोखंडी कड्यात एक लाकडी पाचर अडकवलेली होती. ती घाईत खुपसलेली ढलपी नव्हती. कानशीने घासून बटणाच्या मापाची केलेली होती, आणि तिच्यावर तेलाचा व हाताचा असा काळसर तकाकीचा थर चढला होता, जो पायरीच्या कठड्याला किंवा पाट्याच्या वरवंट्याला वर्षानुवर्षांच्या वापराने चढतो. म्हणजे ती काही महिने, कदाचित वर्षभर, रोज वापरात होती. मी शेजारच्या यंत्रांकडे गेलो. आणखी तीन प्रेसवर पाचरी होत्या आणि एकावर पाचरीऐवजी दुहेरी घडी घातलेला रबराचा तुकडा होता. सेटरला, म्हणजे यंत्रावर डाय बसवणाऱ्या माणसाला, ठाऊक होते, सुपरवायझरला ठाऊक होते, झाडणाऱ्या बाईंनाही ठाऊक होते, कारण पडलेली पाचर उचलून त्या पुन्हा यंत्रावर ठेवत असत. ठाऊक नव्हते ते फक्त मला, आणि माझे केबिन त्या शेडच्या आतच होते.

सेटरला विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “साहेब, दोन्ही बटणं दाबून तुमचा आकडा निघत नाही.”

तो आकडा माझा होता. त्या प्रेसवर निघणाऱ्या पट्टीसाठी पाळीला किती नग व्हावेत हे मी स्वतः, हातात स्टॉपवॉच घेऊन, आमच्या सर्वांत चपळ ऑपरेटरमागे उभे राहून ठरवले होते, आणि त्या नगसंख्येवर जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला वाढीव पैसे लावले होते. मी वेळ मोजत होतो तेव्हाही त्याच्या बटणात पाचर होती. मी घड्याळाकडे पाहत होतो, हाताकडे नाही. ज्या वेगाने काम करणे पाचरीशिवाय शक्यच नव्हते तो वेग मी किमान म्हणून लिहिला, त्यावर बक्षीस ठेवले, आणि नंतर बोटे गेली तेव्हा निष्काळजीपणा कामगाराच्या नावावर लिहिला. तुम्ही नम्रतेबद्दल विचारले आहे. मी तिचा अर्थ तेव्हापासून इतकाच घेतो की, खालच्या माणसाची चूक दिसली की ती घडवणारा माझा एखादा आकडा, दर किंवा मुदत मागे आहे का हे आधी शोधायचे, आणि तो सापडेपर्यंत कारणाचा रकाना कोरा ठेवायचा. नम्रपणे बोलणे ही निराळी गोष्ट आहे. मी त्या काळातही सर्वांशी नम्रपणेच बोलत असे.

पुढे काय केले तेही सांगतो, कारण त्याची किंमत तुम्हाला आधी कळलेली बरी. नगावरचे वाढीव पैसे बंद केले आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्येकाला त्यातून सरासरी जितके मिळाले होते तितके मूळ पगारात घातले, कारण तसे न करता प्रोत्साहन काढणे म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली पगारकपात झाली असती. दोन्ही बटणे सोडल्याखेरीज पुढचा स्ट्रोक मिळणार नाही आणि दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी दाबली तरच रॅम येईल, असे सेफ्टी रिले बसवले. वेळ पुन्हा मोजली, या वेळी एका मध्यम गतीच्या ऑपरेटरची, आणि नव्या आकड्यावर दर काढून ग्राहकांकडे गेलो. दोघांनी थोडी वाढ दिली, तिसऱ्याने दिली नाही आणि तो भाग आम्ही सोडला. त्याच वर्षाच्या शेवटी वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा सोडलेल्या त्या कामाची आठवण मला दर महिन्याला होत असे. चांगले केले की चांगलेच होते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पुढची दोन वर्षे आम्ही तोट्याच्या काठावर होतो.

दोन जुन्या की क्लचच्या प्रेस मात्र सुधारण्यापलीकडच्या होत्या. जुन्या यंत्रांचा व्यापारी त्या चालू स्थितीत घेण्यास तयार होता आणि भंगारापेक्षा कितीतरी जास्त पैसे देत होता. पण चालू स्थितीत विकलेली प्रेस कोणत्या तरी छोट्या शेडमध्ये जाऊन पुन्हा चालणारच होती, कदाचित पेडल लावून, आणि तिच्यापुढे बसणारा मुलगा माझ्या हजेरीपटावर नाही एवढ्यानेच माझी जबाबदारी संपते का, यावर घरी आमचा वाद झाला. भावाचे म्हणणे होते की असा विचार केला तर जगात काहीच विकता येणार नाही, आणि त्या म्हणण्यात तथ्य होते. अखेर क्रँकशाफ्ट गॅसने कापून आम्ही त्या भंगारात दिल्या. हा निर्णय व्यवहारी होता असे मी अजूनही म्हणू शकत नाही.

ज्याची बोटे गेली त्याला राज्य कामगार विमा योजनेतून, मेडिकल बोर्डाने ठरवलेल्या अपंगत्वाच्या टक्क्यांनुसार, दरमहा रक्कम सुरू झाली. आम्ही त्याला गेटवर वॉचमन म्हणून बसवण्याचे ठरवले होते. अशा वेळी सगळे तेच करतात. त्याने ते नाकारले आणि डाय तपासण्याचे काम मागितले. चार वर्षे ते केले आणि मग तो बीड जिल्ह्यातील आपल्या गावी परत गेला. त्याने मला माफ केले की नाही हे मी कधी विचारलेले नाही, कारण तो प्रश्न मी माझ्या समाधानासाठी विचारला असता.

आता पैशांच्या तारखांकडे येतो, कारण प्रेस शॉपच्या मालकाची नीती यंत्राइतकीच त्याच्या पेमेंटच्या यादीत दिसते. आपल्याकडून माल प्लेटिंगला जातो, पावडर कोटिंगला जातो, डाय बाहेर बनतात. ही सगळी आपल्याहून लहान माणसे असतात. ग्राहकाने आपले पैसे नव्वद दिवसांनी दिले की आपण ते दुखणे खाली ढकलतो, आणि तसे करताना आपल्याला अपराधी वाटत नाही, कारण आपणही पीडितच असतो. कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. प्रत्यक्षात हे व्याज मागणारा प्लेटिंगवाला मी पाहिलेला नाही. मागितले तर पुढचे काम मिळणार नाही हे त्याला कळते. 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून आयकरातही तरतूद आली, जिच्यामुळे अशा पुरवठादाराचे मुदतीपलीकडे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. त्यानंतर आमच्या एका मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागातून मला फोन आला आणि आमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करता येईल का, अशी अत्यंत सौम्य शब्दांत विचारणा झाली. योगायोग असा की त्याच ग्राहकाच्या स्वागतकक्षात ‘पुरवठादार हे आमचे भागीदार’ असा फलक आहे.

आमच्यापुरते आम्ही ठरवले की लहान पुरवठादाराचे पैसे तीस दिवसांत जातील, ग्राहकाकडून आलेले असोत वा नसोत. हे भावनेवर ठरवू नका. कागदावर मांडून पाहा. महिन्याला दहा लाखांचे बाहेरचे काम असेल आणि तुम्ही आज पंचाहत्तर दिवसांनी पैसे देत असाल, तर तीस दिवसांवर येण्यासाठी दीड महिन्याचे, म्हणजे पंधरा लाखांचे, जादा खेळते भांडवल लागेल, आणि बँकेचा दर दहा टक्के धरला तर वर्षाला दीड लाख रुपये व्याज जाईल. शाळेच्या देणगीसाठी तुम्ही मनात जी रक्कम धरली आहे ती या आकड्याशी ताडून पाहा. देणगी देऊ नये असे मी म्हणत नाही, पण प्लेटिंगवाल्याच्या पंधरा लाखांवर फुकट बसून त्यातला एक लाख शाळेला देणे आणि वर्गखोलीवर वडिलांच्या नावाची पाटी लावणे, हे मला पटत नाही. कंपनी कायद्यातील दोन टक्क्यांची सामाजिक दायित्वाची सक्ती पाच कोटींचा निव्वळ नफा किंवा त्याहून कितीतरी मोठी उलाढाल किंवा नक्तमूल्य असलेल्या कंपन्यांना आहे. तुमच्या आकाराच्या कारखान्याला ती बहुधा लागूच होत नाही, तेव्हा त्या शब्दाच्या मागे लागण्याची तुम्हाला गरज नाही.

ओव्हरटाइमबद्दल थोडक्यात. कायद्याने तो दुप्पट दराने द्यावा लागतो, आणि आपल्या भागातल्या असंख्य शेडमध्ये तो एकेरी दराने, रोख, वेगळ्या वहीतून दिला जातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ती वही असेल तर आधी ती बंद करा. बाकीच्या चर्चेला त्यानंतरच अर्थ आहे.

उद्योजकांच्या सभांमध्ये या विषयावर बोलताना जमशेदजी टाटा आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर ही दोन नावे हमखास येतात, आणि ती यावीत अशीच आहेत. जमशेदजींच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई दिली जाऊ लागली; देशात कामगार भरपाईचा कायदा 1923 मध्ये झाला, म्हणजे ती गिरणी कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे पुढे होती. त्याच गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रणा आणि आग विझवणारे पाण्याचे फवारेही बसवले होते. जिथे माणूस आठ-दहा तास श्वास घेतो त्या हवेवर तिथे भांडवल घातले गेले, हे मला निधीइतकेच महत्त्वाचे वाटते. लक्ष्मणरावांचे पहिले लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून ते मोकळे झाले असते तर पुढचा कारखाना झालाच नसता. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा तिथे अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली गेली. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत.

परंतु त्याच सभांमध्ये नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मी क्वचितच ऐकले आहे. आपल्याला जी रविवारची सुट्टी आज निसर्गनियमासारखी वाटते, ती मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 रोजी मिळाली, आणि ती कोणा मालकाला पहाटे सुचलेल्या सद्विचाराने मिळाली नाही. लोखंडे यांनी 1884 पासून सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, तेव्हा मिळाली. मालकाच्या चांगुलपणाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवणे हाही नम्रतेचाच भाग आहे. तुमच्या कारखान्यात उद्या संघटना झाली तर तिला कृतघ्नपणा समजू नका. पाचरीची गोष्ट सांगू शकेल असा, माझ्या मर्जीवर अवलंबून नसलेला, एक जरी माणूस माझ्या शेडमध्ये असता, तर ती मला आठवड्याने नव्हे, वर्षभर आधी कळली असती.

माझ्याकडे आजही संघटना नाही. म्हणून वाईट बातमी वर येण्यासाठी दुसरी वाट करावी लागली. थोडक्यात टळलेल्या अपघातांची एक वही आम्ही शेडमध्ये ठेवली. पहिले तीन महिने ती कोरी राहिली, आणि मला वाटू लागले की आता सगळे सुरळीत आहे. वास्तविक लोकांना खात्री नव्हती की लिहिणाऱ्याचे नाव शोधले जाणार नाही. चौथ्या महिन्यात पहिली नोंद आली: ‘मालक चप्पल घालून प्रेसच्या रांगेतून गेले.’ ती मी सर्वांसमोर वाचली आणि दुसऱ्या दिवशी बूट घालून आलो. त्यानंतर वही भरू लागली. त्यातल्या बऱ्याच नोंदी क्षुल्लक असतात, काही चक्क एकमेकांवरचा राग काढणाऱ्या असतात, पण एका नोंदीत ‘सहा नंबरची प्रेस कधी कधी दोनदा पडते’ असे होते, आणि क्लचची झिजलेली स्प्रिंग त्यामुळे वेळेत सापडली.

महिन्यातून एकदा मी स्वतः तासभर प्रेसवर बसतो, ठरलेल्या आकड्यानेच. माझा आकडा निघत नाही, आणि ते पाहण्यात लोकांना मिळणारा आनंद मी त्यांच्यापासून हिरावून घेऊ इच्छित नाही. पण अशाच एका तासात कळले की ब्लँकची पेटी उजवीकडे, जमिनीवर, असल्यामुळे दर तुकड्याला कंबर वळवून वाकावे लागते. पेटी स्टँडवर ठेवायला काही शे रुपये लागले. त्या जागेवर सहा वर्षे एकच माणूस बसत होता.

कंत्राटी कामगारांविषयी मला माझी सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल. आमचे सगळे एक कुटुंब आहे, असे मी दिवाळीला पेढे वाटताना नेहमी म्हणत असे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि शेड बंद झाली. कायम कामगारांना मी एप्रिलचा पूर्ण आणि मेचा अर्धा पगार दिला, त्यांच्याशी फोनवर बोलत राहिलो. कंत्राटदाराची अठरा मुले होती, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. त्यांना काही पाठवावे असे मनात आले तेव्हा लक्षात आले की माझ्याकडे त्यांच्यापैकी एकाचाही फोन नंबर नाही. हजेरीपत्रकावरची नावेसुद्धा कंत्राटदाराच्या अक्षरातली होती, आणि त्यातल्या दोन नावांपुढे मला चेहरा आठवेना. कंत्राटदाराचा फोन बंद होता. त्यांतले कोण चालत गेले आणि कोण ट्रकने, हे मला कळले नाही. अकरा जण पुढे परत आले, सात आले नाहीत. तेव्हापासून ‘कुटुंब’ हा शब्द मी कारखान्यात वापरत नाही. त्याऐवजी माझ्या कपाटात एक रजिस्टर आहे, ज्यात प्रत्येकाचे, कोणाच्याही पटावर असो, नाव, गाव, घरचा एक नंबर आणि भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक आहे. कंत्राटदाराने खरोखर पैसे भरले की नाही हे दर तिमाहीला त्यांच्याच मोबाइलवर उघडून आम्ही पाहतो. बूट एकाच दर्जाचे, चहा एकाच पिंपातला आणि एकाच पेल्यातून. पूर्वी कायम माणसांना स्टीलचे पेले आणि कंत्राटी मुलांना कागदी कप अशी पद्धत होती. ती कोणी सुरू केली हे कोणालाच सांगता आले नाही.

कामाच्या अर्थाबद्दल तुम्ही सर्वांत आधी विचारले होते आणि मी ते सर्वांत शेवटी घेतो आहे, याला कारण आहे. बोटे सुरक्षित नसताना, ओव्हरटाइम बुडवलेला असताना, माणसाला त्याच्या कामाचा थोर अर्थ समजावून सांगणे ही एक प्रकारची फसवणूक असते. मात्र ते मार्गी लागल्यावर अर्थ दाखवणे अवघड नसते. आम्ही एका स्कूटरच्या ब्रेक पेडलखालची पट्टी नऊ वर्षे बनवत होतो आणि ती नेमकी कुठे बसते हे प्रेसवरच्या एकालाही ठाऊक नव्हते; त्यांच्यासाठी ती ‘सतरा नंबरची पट्टी’ होती. एका शनिवारी ती स्कूटर शेडमध्ये आणून फूटबोर्ड उघडून दाखवला. एका हेल्परने हात आत घालून पट्टीच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले की इथे बर, म्हणजे कापलेल्या कडेचा धारदार उंचवटा, राहिली तर केबल घासेल ना. केबल घासेल, हे बरोबर होते. ती बर काढण्यावरून आम्ही गुणवत्तेच्या सभांमध्ये दोन वर्षे आरडाओरडा करत होतो. त्या दिवसापासून ती तक्रार अगदीच बंद झाली असे नाही, पण कमी झाली, आणि माल तपासताना कडेवरून बोट फिरवण्याची सवय त्या पाळीत लागली. ध्येयवाक्याची चौकट आम्ही रंगकाम करताना काढली, ती परत लावायची राहून गेली.

प्रार्थनेबद्दल: कारखान्यात वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे असतात, आणि मालकासमोर प्रार्थना नाकारणे कोणाला शक्य नसते, म्हणून मी ती ठेवत नाही. खंडेनवमीला यंत्रे धुऊन-पुसून झेंडूचे हार घालण्याची प्रथा आहे. ती लोकांनी स्वतः चालवलेली आहे, वर्गणीही तेच काढतात, आणि त्या दिवशी मी फक्त पाहुणा असतो.

तुम्हाला या आठवड्यात एकच गोष्ट करायची असेल तर ती अशी. पाळी संपल्यावर सेटरला थांबवून घ्या, डाय रिकामी आणि आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करा, आणि प्रत्येक प्रेसवर डावे बटण तळहाताने दाबून धरा. ते न सोडता उजवे बटण दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पहिला स्ट्रोक कदाचित मिळेल. मग हात बदलून हेच उजव्या बटणावर करा. दोन्हींपैकी कोणत्याही वेळी रॅम दुसऱ्यांदा खाली आला, तर त्या यंत्राचा मेन स्विच बंद करून, त्याला कुलूप घालून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवूनच घरी जा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाचा माल कुठे आहे असे विचारणारा फोन आला की तो तुम्हीच घ्या, सुपरवायझरकडे देऊ नका.